नमुना आणि सर्व्हेचे प्रश्न यांतला बायस कसा ओळखायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संख्याशास्त्र शिकणारे विद्यार्थी, प्रकल्पासाठी सर्व्हे करणारे आणि बातमीतला एखादा आकडा पाहून थबकणारे वाचक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला नमुन्याबद्दलचे, मग प्रश्नांच्या शब्दरचनेबद्दलचे आणि शेवटी अवघड अपवादांचे प्रश्न आहेत.

१. बायस म्हणजे नेमकं काय? आकडा चुकला की बायस आहे असं म्हणायचं का?

नाही. कुठल्याही नमुन्याचा आकडा खऱ्या आकड्यापेक्षा थोडा इकडे-तिकडे पडतोच. तोच सर्व्हे त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा केला, तर उत्तर कधी जास्त येईल, कधी कमी, आणि सगळ्यांची सरासरी खऱ्या आकड्याजवळ राहील. ही योगायोगाची त्रुटी. बायस असेल तर उत्तरं एकाच बाजूला सरकतात आणि सर्व्हे कितीही वेळा केला तरी सरासरी खऱ्या आकड्यावर येत नाही. दोष पद्धतीत असतो. त्यामुळे नुसत्या निकालाकडे पाहून तो कळत नाही, माहिती कशी गोळा केली ते विचारावं लागतं.

बायस म्हणजे लबाडी असंही नाही. पूर्ण प्रामाणिकपणे केलेल्या सर्व्हेतही तो शिरतो, आणि बहुतेक वेळा तसाच शिरतो.

२. नमुना बायस्ड आहे का, हे तपासायला सुरुवात कुठून करायची?

चार गट कागदावर लिहून काढा: ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा आहे ते सगळे (समष्टी), त्यांपैकी ज्यांची निवड होणं मुळात शक्य होतं ते, प्रत्यक्ष निवडले गेलेले, आणि ज्यांनी खरोखर उत्तर दिलं ते. एका गटातून पुढच्या गटात जाताना कोण गळलं, ते पाहा.

समजा, एका वाचनालयाला शहरातल्या प्रौढांना त्याच्या वेळा सोयीच्या वाटतात का, हे जाणून घ्यायचं आहे. मंगळवारी सकाळी ११ वाजता दाराशी उभं राहून १०० जणांना विचारलं. समष्टी शहरातले सगळे प्रौढ. निवड मात्र फक्त त्या वेळी तिथे आलेल्यांचीच होऊ शकत होती. ज्यांना ती वेळ गैरसोयीची आहे ते तिथे असणारच नाहीत. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल विचारायचं होतं, तिनेच माणसं गाळली.

इथे एक बारकावा आहे आणि तो फार जणांच्या नजरेतून सुटतो. नमुना सरसकट चांगला किंवा वाईट नसतो, तो विशिष्ट प्रश्नापुरता चांगला किंवा वाईट असतो. त्याच १०० जणांना 'तुम्ही डावखुरे आहात का?' असं विचारलं असतं, तर सकाळी येणं आणि डावखुरं असणं यांचा संबंध मानायला फारसं कारण नाही, म्हणून नुकसानही कमी झालं असतं. 'कोण गळलं?' या प्रश्नामागोमाग 'आणि गळलेल्यांचं उत्तर वेगळं असतं का?' हेही विचारायलाच हवं.

३. परीक्षेत 'हा नमुना बायस्ड आहे का? कारण द्या' असं येतं. 'हो, कारण सगळ्यांना विचारलं नाही' असं लिहिलं तर गुण का जातात?

कारण सगळ्यांना न विचारणं हीच तर नमुन्याची व्याख्या आहे. तो दोष नाही. चांगल्या उत्तरात तीन गोष्टी लागतात: कोणता गट सुटला किंवा जास्त आला, त्याचं उत्तर वेगळं का असेल, आणि त्यामुळे आकडा कोणत्या दिशेला सरकेल.

वरच्या उदाहरणाचं उत्तर असं लिहा: 'सकाळी कामावर असणारे लोक नमुन्यात कमी आले. त्यांना सध्याच्या वेळा गैरसोयीच्या असण्याची शक्यता जास्त आहे. म्हणून समाधानी लोकांचं प्रमाण खऱ्यापेक्षा जास्त दिसेल.' दिशा सांगता येत नसेल, तर बहुधा बायसचं कारण अजून नीट सापडलेलं नाही.

४. नमुना मोठा घेतला की बायस कमी होतो ना?

होत नाही. हा गैरसमज सगळ्यांत चिवट आहे, म्हणून जरा विस्ताराने.

आकार वाढवला की कमी होते ती योगायोगाची त्रुटी. ९५ टक्के विश्वासपातळीला (म्हणजे १०० पैकी सुमारे ९५ वेळा खरा आकडा मर्यादेच्या आत सापडेल अशा हिशेबाने) साध्या यादृच्छिक (रँडम) नमुन्याची त्रुटीमर्यादा ४०० जणांसाठी सुमारे ±४.९ टक्के, १,००० साठी ±३.१, २,५०० साठी ±२ आणि १०,००० साठी ±१ टक्का असते. ही मर्यादा मोजताना निवड यादृच्छिक आहे, सगळ्यांनी उत्तर दिलं आहे आणि प्रश्न सरळ आहे, असं धरलेलं असतं. यातलं एकही गृहीतक मोडलं तरी सूत्राला त्याचा पत्ता लागत नाही. ते तोच ±३.१ देत राहतं.

१९३६ च्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांच्या आसपास परत आल्या. दोन उमेदवारांबद्दल भाकीत होतं लँडन ५७ टक्के, रूझवेल्ट ४३. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मतं मिळाली. नावं घेतली होती ती प्रामुख्याने टेलिफोनधारक आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून, आणि मंदीच्या त्या काळात या दोन्ही गोष्टी परवडणारे लोक सर्वसाधारण मतदारांसारखे नव्हते. शिवाय ज्यांनी पत्रिका परत पाठवल्या ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. हा दुसरा दोष पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, पण पाठ्यपुस्तकांत अनेकदा पहिलाच सांगितला जातो. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्याच निवडणुकीत सुमारे ५०,००० जणांच्या नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकतील हे बरोबर सांगितलं होतं.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०२१ मध्ये अमेरिकेत फेसबुकमार्फत घेतल्या जाणाऱ्या एका सर्व्हेला दर आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं येत होती. तरीही लस घेतलेल्या प्रौढांचं प्रमाण त्यात मे महिन्यात सुमारे १७ टक्केबिंदूंनी (दोन टक्केवारींमधल्या सरळ फरकाने) जास्त दिसत होतं. बायस्ड नमुना मोठा झाला की चुकीच्या आकड्याभोवतीची त्रुटीमर्यादा तेवढी अरुंद होते, आणि चूक जास्त खात्रीची वाटू लागते.

५. 'रँडम' म्हणजे समोर येईल त्या कुणालाही विचारायचं, असंच ना?

नाही. समोर येईल त्याला विचारणं हा सोयीचा नमुना झाला. आपण नकळत घाई नसलेल्या, हसतमुख, आपल्याच वयाच्या माणसांकडे वळतो. यादृच्छिक निवडीत प्रत्येकाच्या निवडीची शक्यता आधीपासून माहीत असते आणि निवड आपण करत नाही, यादृच्छिक आकडे करतात. त्यासाठी यादी लागते. यादीतल्या नावांना क्रमांक द्या, संगणकाकडून यादृच्छिक क्रमांक घ्या, आणि जी नावं येतील तीच घ्या. एखादं नाव आवडलं नाही म्हणून बदललं की यादृच्छिकता संपली.

चिठ्ठ्या टाकणंही वाटतं तितकं सोपं नाही. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सैन्यभरतीसाठी ३६६ तारखांच्या कुप्यांची सोडत निघाली. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि पुरेशा ढवळल्या गेल्या नव्हत्या. वर्षअखेरच्या महिन्यांतल्या तारखा लवकर निघाल्या, आणि त्या तारखांना जन्मलेल्या तरुणांना आधी बोलावणं येण्याची शक्यता वाढली.

६. यादीतलं दर दहावं नाव घेतलं तर चालेल का?

बहुतेक वेळा चालतं, दोन अटींवर. पहिलं नाव १ ते १० मधून यादृच्छिकपणे निवडा. आणि यादीत दहाच्या अंतराने पुन्हा येणारी रचना नाही ना, ते पाहा. प्रत्येक मजल्यावर दहा घरं असलेल्या इमारतींच्या यादीत दर दहावं घर घेतलं, तर सगळी कोपऱ्यातलीच घरं येऊ शकतात.

७. ऑनलाइन फॉर्मची लिंक पाठवली आणि ८०० जणांनी भरला. यावरून काय म्हणता येईल?

फॉर्म भरणाऱ्या ८०० जणांबद्दल हवं ते म्हणता येईल. बाकीच्यांबद्दल टक्केवारी देऊ नका. स्वतःहून उत्तर देणाऱ्यांत तीव्र मताचे लोक, विशेषतः तक्रार असलेले, जास्त असतात. लिंक ज्या वर्तुळात फिरली त्याचाही शिक्का निकालावर बसतो. इथे त्रुटीमर्यादा छापणं चूकच आहे, कारण कुणाची निवड होण्याची शक्यता किती होती हेच माहीत नाही. मात्र लोकांच्या अडचणी कोणकोणत्या आहेत याची यादी करायला, किंवा पुढच्या सर्व्हेचे पर्याय ठरवायला असा फॉर्म फार उपयोगी पडतो.

८. वय आणि लिंग यांचं प्रमाण समष्टीसारखंच ठेवलं आहे. आता तर नमुना प्रातिनिधिक झाला ना?

ज्या गुणांचं प्रमाण जुळवलं त्या गुणांपुरता. प्रत्येक कोट्याच्या (गटासाठी ठरवून दिलेल्या संख्येच्या) आत माणूस कोण निवडतं, हा प्रश्न उरतोच. '३० ते ४५ वयाच्या २० स्त्रिया' हा कोटा मुलाखतकार सहज भेटणाऱ्या स्त्रियांनीच भरून टाकतो. १९४८ च्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीत प्रमुख जनमत चाचण्या कोटा पद्धतीने होत होत्या. सगळ्यांनी ड्यूई जिंकतील असं सांगितलं आणि जिंकले ट्रुमन. मतदानाच्या बरंच आधी सर्व्हे थांबवले, हेही एक कारण होतं. पण त्यानंतर कोट्याऐवजी यादृच्छिक निवडीकडे वळण्याला जोर आला.

स्तरित नमुना वेगळा. त्यात गट तसेच पाडतात, पण प्रत्येक गटाच्या आत निवड यादृच्छिक असते.

९. प्रतिसाद किती टक्के आला म्हणजे पुरेसा?

असा एक जादूचा आकडा नाही. सूत्र लक्षात ठेवा: उत्तर न देण्यामुळे येणारा बायस = उत्तर न देणाऱ्यांचा वाटा × (देणाऱ्यांचा आकडा − न देणाऱ्यांचा आकडा).

प्रतिसाद ३० टक्के, देणाऱ्यांपैकी ८० टक्के समाधानी आणि न देणाऱ्यांपैकी ५० टक्के समाधानी असतील, तर बायस ०.७ × ३० = २१ टक्केबिंदू. खरा आकडा ५९, सर्व्हे सांगतो ८०. पण दोन गटांत फरक फक्त १ टक्केबिंदूचा असेल, तर त्याच ३० टक्के प्रतिसादावर बायस ०.७ एवढाच.

अडचण ही, की न देणाऱ्यांचा आकडा आपल्याकडे नसतो. तो अदमासण्यासाठी तीन गोष्टी करता येतात. यादीत आधीपासून असलेली माहिती (वय, विभाग, किती वर्षांपासून सदस्य) घेऊन देणारे आणि न देणारे यांची तुलना करा. पहिल्या फेरीत उत्तर देणारे आणि तिसऱ्या स्मरणपत्रानंतर देणारे यांची उत्तरं पडताळा. उशिराची उत्तरं एका दिशेला झुकत असतील, तर न देणारे त्याच दिशेला आणखी पुढे असू शकतात. शक्य असल्यास न देणाऱ्यांतून ३०-४० जण यादृच्छिकपणे निवडून त्यांच्यामागे नेट लावा आणि फक्त मुख्य दोन प्रश्न विचारा. तिसरा उपाय कष्टाचा आहे, पण खरी माहिती त्यातूनच मिळते.

१०. नंतर वेटिंग करून, म्हणजे उत्तरांना कमी-जास्त वजन देऊन, बायस काढता येतो का?

काही प्रमाणात. समजा १,००० जणांच्या नमुन्यात तरुण ७०० आणि ज्येष्ठ ३०० आले, पण समष्टीत ते ४० आणि ६० टक्के आहेत. तरुणांपैकी ८० टक्के आणि ज्येष्ठांपैकी ४० टक्के 'हो' म्हणतात. नुसता आकडा ६८ टक्के. प्रत्येक तरुणाला ४० ÷ ७० = ०.५७ आणि प्रत्येक ज्येष्ठाला ६० ÷ ३० = २ एवढं वजन दिलं की आकडा ५६ टक्क्यांवर येतो.

याची किंमत मोजावी लागते. वजनं असमान झाली की नमुन्याची ताकद घटते. वजनांच्या बेरजेचा वर्ग भागिले वजनांच्या वर्गांची बेरीज, असा परिणामकारक आकार, म्हणजे तेवढीच ताकद असलेल्या साध्या नमुन्याचा आकार, काढतात. या उदाहरणात तो ७०० येतो. आणि गृहीतक असं, की नमुन्यात आलेले ज्येष्ठ हे न आलेल्या ज्येष्ठांसारखेच आहेत. सर्व्हे फक्त ॲपवर झाला असेल, तर त्यातले ज्येष्ठ हे ॲप वापरणारे ज्येष्ठ आहेत. त्यांना दुप्पट वजन दिल्याने ॲप न वापरणाऱ्यांचं मत त्यात येत नाही.

११. प्रश्न उत्तराकडे ढकलणारा आहे, हे कसं ओळखायचं?

प्रश्न वाचून विचारणाऱ्याला कोणतं उत्तर हवं आहे याचा अंदाज येतो का? येत असेल, तर तो बदला. 'मुलांचं आरोग्य धोक्यात घालणाऱ्या जाहिरातींवर बंदी हवी, असं तुम्हाला वाटत नाही का?' यात तीन ढकलण्या आहेत: 'धोक्यात घालणाऱ्या' हे विशेषण, एकच बाजू मांडणं, आणि 'वाटत नाही का' हा शेवट. त्याऐवजी: 'मुलांसाठीच्या कार्यक्रमांदरम्यान अशा जाहिराती दाखवायला परवानगी असावी की नसावी?'

कधी कधी ढकलणं इतकं उघड नसतं. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटार-अपघातांच्या चित्रफिती दाखवून वेग विचारला. गाड्या 'आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा' असा अर्थ देणारं क्रियापद वापरलं तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४० मैलांहून थोडं जास्त आलं, नुसतं 'धडकल्या' अशा अर्थाचं वापरलं तेव्हा ३४. १९४० च्या सुमारास अमेरिकेत लोकशाहीविरोधी भाषणांबद्दल दोन तऱ्हांनी विचारून पाहिलं गेलं. 'परवानगी द्यावी का?' याला ६२ टक्के 'नाही' म्हणाले. 'बंदी घालावी का?' याला 'हो' म्हणणारे ४६ टक्केच निघाले. अर्थ जवळपास तोच, पण बंदी हा शब्द लोकांना जास्त कठोर वाटला. म्हणून महत्त्वाचा प्रश्न दोन तऱ्हांनी लिहा, उत्तरदात्यांचे यादृच्छिकपणे दोन भाग करा आणि निकाल किती हलतो ते बघा.

१२. लोकांना प्रश्न कळलाच नाही, असं कसं समजणार?

उत्तरं आली म्हणजे प्रश्न कळला असं धरू नका. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एका जनमत चाचणीत दुहेरी नकाराचा प्रश्न होता: नाझींनी ज्यूंचा संहार केलाच नाही, हे तुम्हाला शक्य वाटतं की अशक्य? २२ टक्के 'शक्य' म्हणाले आणि मोठी खळबळ उडाली. १९९४ मध्ये तोच प्रश्न सरळ भाषेत विचारल्यावर तो आकडा १ टक्क्यावर आला.

दुसरा नेहमीचा दोष म्हणजे एकात दोन प्रश्न: 'शिक्षक वेळेवर येतात आणि नीट शिकवतात का?' एक हो आणि एक नाही असेल, तर काय लिहायचं? 'आणि', 'किंवा', 'तसंच' असलेला प्रत्येक प्रश्न थांबून पाहा आणि बहुतेक वेळा तोडून दोन करा.

खरा उपाय म्हणजे पूर्वचाचणी. समष्टीतल्या आठ-दहा जणांसोबत बसा. प्रत्येक प्रश्न त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा आणि उत्तर कसं ठरवलं ते बोलून दाखवायला सांगा. तुम्ही समजावू नका. समजवावं लागलं, तर तो प्रश्न दुरुस्तीला गेला.

१३. पर्यायांमुळेही बायस येतो का?

येतो, आणि अनेकदा शब्दांपेक्षा जास्त. 'उत्तम, खूप छान, छान, ठीक, वाईट' यात तीन जागा कौतुकाला आणि एकच तक्रारीला. दोन्ही बाजूंना समान पर्याय ठेवा. '१०-२०, २०-३०' असे गट केले की २० वर्षांचा माणूस अडकतो. '१०-१९, २०-२९' लिहा.

पर्याय वाचूनच लोक 'सामान्य' काय ते ठरवतात. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्बर्ट श्वार्झ आणि सहकाऱ्यांच्या जर्मनीतल्या अभ्यासात रोज किती वेळ टीव्ही पाहता, असं विचारलं होतं. एका गटाचे पर्याय अर्ध्या तासापासून सुरू होऊन 'अडीच तासांपेक्षा जास्त' इथे संपत. दुसऱ्याचे 'अडीच तासांपर्यंत' इथून सुरू होत. अडीच तासांहून जास्त पाहतो, असं पहिल्या गटात १६.२ टक्क्यांनी सांगितलं आणि दुसऱ्यात ३७.५ टक्क्यांनी. जिथे आकडा हवा तिथे रिकामी जागा द्या आणि काळ बांधून द्या: 'साधारणपणे' नको, 'गेल्या ७ दिवसांत' हवं.

१४. प्रश्नांचा क्रम बदलला तर निकाल खरंच बदलतो?

हो. १९४८ च्या एका अमेरिकी सर्व्हेत 'साम्यवादी देशांच्या पत्रकारांना इथे येऊन बातमीदारी करू द्यावी का?' हा प्रश्न आधी आला तेव्हा ३६ टक्के 'हो' म्हणाले. 'रशियाने आपल्या पत्रकारांना येऊ द्यावं का?' हे आधी विचारलं, तेव्हा तोच आकडा ७३ झाला. आधी एक न्याय मान्य केला की पुढे तो नाकारणं जड जातं. म्हणून एकूण समाधानाचा प्रश्न तक्रारींच्या तपशिलाआधी ठेवा. क्रम ठरवता येत नसेल, तर तो उत्तरदात्यागणिक यादृच्छिकपणे बदला.

१५. लाज वाटेल अशा विषयावर लोक खरं कसं सांगतील?

समोरासमोर विचारण्यापेक्षा स्वतः भरायच्या निनावी प्रश्नावलीत खरं सांगण्याचं प्रमाण वाढतं. त्यापुढचा उपाय म्हणजे उत्तरात मुद्दाम योगायोग मिसळणं. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली. तिचं एक सोपं रूप असं: प्रत्येकाने कुणाला न दाखवता नाणं उडवायचं, छापा आला तर 'हो' लिहायचं, काटा आला तर खरं उत्तर लिहायचं. १,००० पैकी ६०० 'हो' आले, तर सुमारे ५०० छाप्याचे. उरलेल्या ५०० पैकी १०० खरे, म्हणजे २० टक्के. कुणा एकाचं 'हो' वाचून ते खरं की छाप्याचं, हे कळत नाही. त्रुटीमर्यादा मात्र ±२.५ ऐवजी ±६ टक्क्यांच्या आसपास जाते, त्यामुळे लहान नमुन्यात हा उपाय वापरू नका.

१६. निवड पूर्ण यादृच्छिक आहे, तरी बायस येऊ शकतो का?

येऊ शकतो. यादृच्छिकपणे घर निवडून प्रत्येक घरातल्या एकाच प्रौढाला विचारलं, तर एकट्या राहणाऱ्याची निवड नक्की, आणि पाच प्रौढांच्या घरातल्या प्रत्येकाची शक्यता एक पंचमांश. मोठ्या घरांतली माणसं कमी पडतात. घरातल्या प्रौढांची संख्या नोंदवून तेवढं वजन द्या.

उलटंही होतं. एका घरात १ मूल, दुसऱ्यात ५. दर घरी सरासरी ३. पण सहाही मुलांना 'तुमच्या घरी किती मुलं?' असं विचारलं तर सरासरी (१ + ५ × ५) ÷ ६ = ४.३. मोठं घर पाचदा मोजलं गेलं. काय मोजतोय, घर की मूल, हे आधी ठरवा.

१७. लहान गटातून मुद्दाम जास्त लोक घेतले. हा नमुना बायस्ड ना?

दिसायला तसा वाटतो, पण नाही. प्रत्येक गटातल्या निवडीची शक्यता माहीत असेल आणि एकूण आकडा काढताना त्या शक्यतेच्या व्यस्त प्रमाणात वजन दिलं असेल (प्रश्न १० पाहा), तर निकाल सरळ राहतो. ५ टक्के वाट्याच्या गटाबद्दल वेगळं काही सांगायचं असेल, तर १,००० च्या नमुन्यात त्याचे ५० जणच येतील आणि त्रुटीमर्यादा ±१४ टक्क्यांच्या घरात जाईल. मुद्दाम जास्त घेणंच इथे योग्य.

१८. सर्व्हे पूर्ण झाल्यावर बायस लक्षात आला. आता सगळं फेकून द्यायचं का?

लगेच नाही. आधी वाईटात वाईट काय होऊ शकतं ते मोजा. १,००० पैकी ६०० जणांनी उत्तर दिलं आणि ४२० 'हो' म्हणाले, म्हणजे ७० टक्के. न देणारे ४०० सगळे 'नाही' धरले तर ४२ टक्के, सगळे 'हो' धरले तर ८२. निष्कर्ष 'निम्म्याहून जास्त' असेल, तर तो या टोकाच्या शक्यतेत टिकत नाही. मग टोकाचं नाही, पण पटण्याजोगं गृहीतक घ्या: न देणाऱ्यांत २० टक्के 'हो' असतील, तर एकूण ४२० + ८० = ५००, बरोबर निम्मे. म्हणजे न देणाऱ्यांत 'हो'चं प्रमाण २० टक्क्यांच्या वर असलं की निष्कर्ष टिकतो. हे वाक्य अहवालात जसंच्या तसं लिहा.

निवडच चुकली असेल, तर निष्कर्षातली समष्टी लहान करा: 'शहरातले प्रौढ' ऐवजी 'सकाळी वाचनालयात येणारे'. प्रश्नच चुकीचा विचारला गेला असेल, तर मात्र वेटिंगने किंवा हिशेबाने काही दुरुस्त होत नाही. तो प्रश्न अहवालातून काढा, आणि शक्य असेल तर लहानशा यादृच्छिक नमुन्याला नव्या शब्दांत पुन्हा विचारा.